शेवंतीची एकादशी

अकोल्याच्या जठारपेठेत बापूसाहेब वकिलांच्या घरी एक कोंबडी आहे आणि ती एकादशी करते, हे ऐकून तुम्ही हसाल. हसा, माझी ना नाही. फक्त बापूसाहेबांसमोर हसू नका. ज्यांनी ज्यांनी तो प्रयोग करून पाहिला, त्यांना बापूसाहेबांनी फाटकापाशी उन्हात उभं करून सात्त्विक आहारावर पाऊण तास ऐकवलेलं आहे.

कोंबडी त्या घरात आली तीच मुळात नको असताना. बापूसाहेबांची नात जुईली चौथीत होती. शाळेसमोर सायकलवर टोपली बांधून रंगवलेली पिल्लं विकणारा आला आणि पोरगी दप्तरातून एक गुलाबी पिल्लू घेऊन घरी आली. तिच्या आईने, चारुशीलाने, कपाळावर हात मारून घेतला. बाप स्वानंद म्हणाला, खेळू दे, चार दिवसांच्या वर ही जगत नाहीत. पिल्लाने चार दिवस काढले, चार महिने काढले, अंगावरचा गुलाबी रंग झडून गेला आणि खालून चांगली गुबगुबीत पिवळसर कोंबडी निघाली. जुईलीने तिचं नाव शेवंती ठेवलं.

आता पंचाईत झाली ती बापूसाहेबांची. स्वारी सात्त्विक आहार मंडळाची अध्यक्ष. जो दिसेल त्याच्या ताटात डोकवायचं आणि नाकाने कांदे सोलायचे, हा निवृत्तीनंतरचा मुख्य उद्योग. अशा माणसाच्या घरातून सकाळी सहाला कॉक् कॉक् कॉक् ऐकू यायला लागल्यावर गल्ली गप्प बसते होय? लोक मुद्दाम थांबून विचारायला लागले, काय बापूसाहेब, पाहुणे येणार आहेत वाटतं? दुसरा कोणी असता तर त्याने कोंबडी देऊन टाकली असती. पण बापूसाहेबांनी चाळीस वर्षं दिवाणी कोर्टात काढलेली. हरती केस फिरवायची कशी, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी जाहीर केलं की हा प्रयोग आहे. संस्कार केले तर कोंबडीसुद्धा शुद्ध शाकाहारी होते, हे ते सिद्ध करून दाखवणार.

झालं. बिचारीचं मातीशी नातं तुटलं, कारण मातीत किडे. मागच्या बाजूच्या फरशीच्या गॅलरीत तिची रवानगी झाली. तिथे दिवसातून दोनदा झाडू, दोनदा पोछा. धुतलेली ज्वारी, मऊ भात, कोथिंबिरीच्या काड्या. आणि एकादशीला घरात सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी, तशी शेवंतीलाही वाटीभर. ती खायची. पुढ्यात दुसरं काही ठेवलंच नाही तर काय करणार? बापूसाहेब याला संस्कार म्हणत. मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात शेवंतीला व्यासपीठावर नेऊन दाखवायचं ठरलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, त्यात शेवंतीचं नाव प्रमुख पाहुण्यांच्या खाली दुसऱ्या ओळीत होतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्यातच राहू द्या. बापूसाहेबांचा जुना मुन्शी नत्थुजी हिवरखेडला राहतो. महिन्यातून एकदा तो साहेबांना भेटायला येतो आणि येताना वरूडच्या संत्र्यांची पिशवी आणतो. वर संत्री असतात. खाली स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा असतो, आणि त्या डब्यात झणझणीत मटण असतं. सत्तावीस वर्षं हा क्रम चालू आहे. मंडळ स्थापन झालं त्या आठवड्यातसुद्धा तो चुकला नाही.

माघातल्या दशमीला, रविवारी, घरची सगळी अमरावतीला एका मुंजीला गेली होती. बापूसाहेबांचे गुडघे सोयीस्कर दुखले, म्हणून ते घरी राहिले. दुपारी नत्थुजीने आणलेला डबा उघडला, मागच्या गॅलरीत बसून घाम पुसत पुसत खाल्ला, आणि हाडं कागदात गुंडाळताना एक बोटाच्या पेराएवढं हाडूक निसटून फरशीवर पडलं. बापूसाहेब वाकेपर्यंत शेवंतीने ते उचललं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, एका हाताने धोतर सावरत, कोंबडीच्या मागे गॅलरीत गोल गोल पळाला. शुद्ध शाकाहारी कोंबडीने तिसऱ्या फेरीत हाडूक गिळलं आणि चोच फरशीला पुसली. मग बापूसाहेबांनी फरशी धुतली, ताट घासलं, डबा घासला, दोन वेलदोडे चावले आणि संध्याकाळी आलेल्या मंडळींना मुंजीत काय काय जेवलात म्हणून विचारलं.

सोमवारी एकादशी. शेवंतीने खिचडी खाल्ली. मंगळवारी तिच्या गळ्याखाली लिंबाएवढा फुगवटा आला आणि बुधवारपर्यंत तो संत्र्याएवढा झाला. ती मान वाकडी करून कोपऱ्यात बसली, दाण्याकडे बघेना. तोंड उघडलं की आंबूस वास यायचा. जुईली शाळेतून आली की दप्तर न काढता तिच्याशेजारी बसायची. बुधवारी ती जेवली नाही. आजोबांचा हात धरून तिने विचारलं, "आबा, ती मरणार नाही ना?"

नाही गं, म्हणाले बापूसाहेब, आणि शेवंतीच्या फुगवट्यावरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं. खरं सांगायचं तर त्यांचा त्या कोंबडीवर जीव होता. रोज सकाळी ते तिच्याशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि ती त्यांच्या चपलेच्या अंगठ्याला टोचा मारायची. पण त्यांची अर्धी काळजी कोंबडीची होती आणि अर्धी स्वतःची होती. आत हाडूक अडकलंय, दुसरं काही नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

स्वानंद म्हणाला, दवाखान्यात नेऊ, एक्स-रे काढला की दहा मिनिटांत कळेल काय अडकलंय ते.

एक्स-रे म्हटल्याबरोबर बापूसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पांढरं स्वच्छ हाडूक काळ्या फिल्मवर कसं दिसेल, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या दिसलं. मग त्यांनी जी बाजू मांडली, ती तेवढ्या तळमळीने त्यांनी कुठल्या अशिलासाठीही मांडली नव्हती. दवाखान्यात नाना तऱ्हेची जनावरं येतात. तिथल्या टेबलावर काय काय कापलेलं असतं कोणास ठाऊक. सात्त्विक देहावर किरणांचा परिणाम काय होतो, यावर अजून कुठे संशोधन झालेलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच्या पेटीतून होमिओपॅथीच्या साखरगोळ्या काढल्या आणि दर दोन तासांनी चार चार तिच्या घशात टाकायला सुरुवात केली. फुगवटा आणखी वाढला.

त्या घरात एक बाई मात्र पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. पार्वताबाई. अकरा वर्षांपासून पोळ्या, भांडी, झाडूपोछा सगळं तीच करते. माहेर हिवरखेडचं, वावरातल्या घरातलं. तिच्या आईकडे वीस-पंचवीस कोंबड्या असायच्या. मंगळवारीच तिने शेवंतीचा गळा चाचपून पाहिला आणि म्हणाली, कोंबडीले दात असतात का? ते खडे गिळते, त्या खड्यानं पोटात दळते. तुमी तिले फरशीवर ठेवून राह्यले, खडा नाई, माती नाई, अन् वरून हा चिकट साबुदाणा. बापूसाहेबांनी तिला, पार्वताबाई तुम्ही तुमचं काम करा, असं सांगितलं.

तिचं काम काय आणि तिची जागा कुठे, हे त्या घरात लिहून लावलेलं होतं. फाटकाच्या आतल्या बाजूला बापूसाहेबांनी टाइप करून, प्लॅस्टिकमध्ये बसवून एक सूचना टांगली होती: 'फाटकाच्या आत बाहेरील शिजवलेले अन्न आणू नये.' ती सूचना एका पार्वताबाईसाठी होती, कारण तिच्या डब्यात कधी अंड्याचा रस्सा असायचा, कधी सुकट. तिचा डबा फाटकाबाहेर खिळ्याला टांगलेला असायचा आणि दुपारी ती बाहेरच्या पायरीवर बसून जेवायची. अकोल्याच्या मे महिन्यातसुद्धा. घरात कोणालाच त्यात काही वाटत नव्हतं, आणि तेच मला जास्त लागतं.

गुरुवारी दुपारी शेवंतीने मान टाकली. तुरा जांभळा पडला, श्वास घरघरायला लागला. स्वानंदने गाडीची किल्ली उचलली. बापूसाहेब दारात आडवे उभे राहिले. मायलेकी रडकुंडीला आल्या. तेवढ्यात पार्वताबाई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली की आता वाद घालत बसायले वेळ नाई, हे कापून रिकामं कराव लागते, मी माहेरी चार-पाच कोंबड्यांचं केलेलं हाये, त्यातल्या तीन जगल्या.

चारुशीला म्हणाली, बाई, काहीतरीच काय. पण बापूसाहेबांचे डोळे चमकले. दवाखाना नाही, एक्स-रे नाही, फिल्म नाही. एक बंद दार आणि एक साक्षीदार. एक साक्षीदार सांभाळता येतो, हे वकिलाला सांगावं लागत नाही. त्यांनी तिथल्या तिथे परवानगी दिली आणि वर अट घातली की आत फक्त ते आणि पार्वताबाई असतील, गर्दी नको, रोग्याला त्रास होतो. तीन दिवस आडमुठेपणा करणारा म्हातारा एकाएकी इतका पुढारलेला कसा झाला, हे स्वानंदला कळेना. पण किल्ली त्याने परत खिळ्याला लावली.

पार्वताबाईने मागितलं ते असं: दाढीचं नवं पातं, बारीक सुई, रेशमी दोरा, उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी, कपाटातलं जखमेचं तांबडं औषध आणि जुना टॉवेल. पातं, सुई, दोरा तिने उकळत्या पाण्यात टाकले. हात कोपरापर्यंत साबणाने धुतले. मग गॅलरीचं दार लागलं. दाराला वर काच होती आणि त्या काचेला जुईलीचं नाक चिकटलं होतं.

शेवंतीला टॉवेलात गुंडाळून बापूसाहेबांनी मांडीवर धरलं. टॉवेलाच्या आतून तिचं काळीज त्यांच्या तळव्याला लागत होतं. पार्वताबाईने फुगवट्यावरची पिसं उपटून बोटभर जागा मोकळी केली, औषधाने पुसली आणि पातं हातात घेऊन थांबली.

"बापूसाहेब, एक सांगा. हिनं काही अणकुचीदार खाल्लं का? खिळा, काच, असं काही? मले आत बोट घालाव लागते. टोक असलं तं गळ्यातली पिशवी आतून फाटन, मंग ते काही वाचत नाई."

आयुष्यभर बापूसाहेबांनी अशिलांना हेच शिकवलं होतं की जे विचारलं नाही ते सांगायचं नाही, आणि जे विचारलं ते आठवत नाही म्हणायचं. आठवत नाही, हे शब्द जिभेवर आलेसुद्धा होते. मग त्यांची नजर काचेवरच्या त्या चपट्या नाकाकडे गेली. पोरगी त्यांच्याकडे बघत होती. कोंबडीकडे नाही, त्यांच्याकडे. आबांनी धरलंय म्हणजे काही होणार नाही, असं. बापूसाहेबांना स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती. तीन दिवस ही बया मरत होती आणि ते आपली अध्यक्षाची खुर्ची धरून बसले होते.

"हाडूक हाये," ते म्हणाले. घाबरल्यावर त्यांच्या तोंडून लहानपणची वऱ्हाडी निघते. "मटणाचं. रविवारी म्या खाल्लं. एवढं, पेराएवढं. घरात कोणाले माहीत नाई."

पार्वताबाईने मान वर केली नाही. पात्याने कातडीवर बोटाच्या दोन पेरांएवढी रेघ मारली, मग सावकाश आतली पिशवी उघडली.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "महिन्यातून एक दिवस तुमचं ताट घासेल राह्यते. अकरा वर्षांत तुमी दुसरं काही घासलं नाई."

बापूसाहेबांच्या हातातला टॉवेल सैल पडला. तिने, घट्ट धरा, म्हणून दटावलं तेव्हा त्यांनी तो पुन्हा आवळला. मग पार्वताबाईने करंगळी आत घातली. जपून, हळूहळू, हाडूक असेल तर त्याला बाजूने काढायचं म्हणून. आणि बाहेर यायला लागला तो साबुदाणा. आंबलेला, चिकट, लगद्यासारखा, एकेका दाण्याला दुसरा दाणा धरून बसलेला. वाटीभर निघाला, आणखी निघाला. मध्ये शेंगदाण्याचे तुकडे, भिजून फुगलेली ज्वारी. तिने कोमट पाणी ओतून पिशवी धुतली, पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा धुतली. वाटीतला लगदा बापूसाहेबांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला.

"हाडूक?" त्यांनी विचारलं.

"हाडूक नाई," पार्वताबाई सुईत दोरा ओवत म्हणाली. "हाडूक तिनं कवाच पचवलं, बापूसाहेब. तुमचा उपास अडकला."

मग तिने आधी आतली पिशवी शिवली, बारीक बारीक टाक्यांनी, आणि वरची कातडी वेगळी शिवली. दोन्ही एकदम शिवलं तर चिकटते, असं तिने सांगितलं. वरून औषध लावलं. शेवंतीने डोळा उघडून बापूसाहेबांकडे पाहिलं. बापूसाहेबांनी दुसरीकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांचं गुपित त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं होतं, ते एका अशा हाडकासाठी जे तिथे नव्हतंच, आणि अशा बाईला जिला ते आधीच माहीत होतं. हरलेल्या केसेस त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. अशी एकही नव्हती.

दार उघडल्यावर पार्वताबाईने सगळ्यांना सांगितलं, साबुदाणा होता, निघाला. त्यापुढे एक शब्द नाही. दोन दिवस फक्त गूळ-मिठाचं पाणी, मग पातळ कण्या, दाणा दहा दिवस बंद, जखमेवर माशी बसू द्यायची नाही. पाचव्या दिवसापासून उकडलेलं अंडं कुस्करून द्यायचं. अंड्याशिवाय जखम भरत नाही, म्हणाली. चारुशीलाने सासऱ्यांकडे पाहिलं. बापूसाहेब म्हणाले, वैद्यकीय कारण असेल तर आमची हरकत नाही. त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा अंडं उकडलं गेलं. त्याच्यासाठी वेगळं भांडं आणलं आणि ते कपाटाच्या मागे लपवून ठेवलं.

रविवारच्या मेळाव्याला शेवंती अर्थातच गेली नाही. बापूसाहेब गेले. त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, कारण तोवर गावभर झालं होतं की बापूसाहेबांनी स्वतः मांडीवर घेऊन कोंबडीचं ऑपरेशन करवून घेतलं. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात 'बापूसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली यशस्वी शस्त्रक्रिया' अशी बातमी आली. त्यात पार्वताबाईचं नाव नव्हतं, 'घरातील मदतनीस' एवढं होतं. पार्वताबाईने तो पेपर ओट्यावर अंथरला आणि त्यावर मेथी निवडली.

त्याच दुपारी तिने फाटकाच्या खिळ्यावरचा डबा काढला, आत आणला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि झाकण उघडलं. अंड्याचा रस्सा. वास थेट देवघरापर्यंत गेला. चारुशीला दारात आली आणि म्हणाली, पार्वताबाई, हे काय? स्वानंदही आला. सगळे बापूसाहेबांकडे बघायला लागले. सूचना त्यांची, घर त्यांचं, आता ते काय ते बोलतील.

पार्वताबाईने भाकरी मोडली.

बापूसाहेब उठले. सूचनेतल्या 'आणू नये' या शब्दांचा हेतू काय होता, परिस्थिती बदलली की नियमाचा अर्थ कसा बदलतो, रुग्णाची देखभाल करणारी व्यक्ती रुग्णाजवळ असणं किती आवश्यक आहे, बाहेर ऊन किती असतं, यावर ते दहा मिनिटं बोलले. बोलता बोलता फाटकाकडे गेले आणि ती सूचना स्वतःच्या हाताने उपटून घेऊन आले. अकरा वर्षांत त्यांना जे ऊन दिसलं नव्हतं, ते त्या दिवशी फार कडक दिसलं. जुईलीने टाळ्या वाजवल्या. आबा किती चांगले, असं ती म्हणाली, आणि बापूसाहेबांना ते ऐकवेना.

पुढची एकादशी आली. शेवंतीचे टाके निघाले होते, जखमेवर नवी पिसं फुटत होती. आता ती मागच्या अंगणात मातीत असते. पार्वताबाईने तिच्यासाठी बारीक खडे आणून टाकलेत. शेवंती दिवसभर पायाने माती उकरते आणि जे हलेल ते खाते. मंडळात याविषयी अजून कोणी काही विचारलेलं नाही.

दुपारी घरात दोघंच होती. बापूसाहेबांच्या पुढे साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बाजूला लिंबाची फोड. समोर पार्वताबाई. तिच्या डब्यात त्या दिवशी मटण होतं. हिवरखेडचंच, नत्थुजीच्याच घरचं, कारण नत्थुजी तिचा चुलतभाऊ लागतो, हे बापूसाहेबांना त्याच दिवशी कळलं. नत्थुजी यापुढे संत्र्यांची पिशवी घेऊन येणार नव्हता. बहिणीचा डबा उघडपणे आत जातो, मग साहेबांचा वेगळा कशाला न्यायचा, असं कोणीतरी त्याला समजावलं होतं.

रश्श्याची वाफ टेबलावरून सरळ बापूसाहेबांच्या नाकात शिरत होती. त्यांनी घास घेतला, चावला, पुन्हा चावला. दाणा दाण्याला धरून बसला. घास ना खाली जाई, ना वर येई. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पाण्याच्या पेल्याकडे हात नेला.

पार्वताबाईने नळीचं हाडूक चोखून कागदावर ठेवलं आणि पेला त्यांच्याकडे सरकवला.

"सावकाश खा, बापूसाहेब," ती म्हणाली. "अडकन."